विचारून बघितलंस का?

(खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात, दहावी ते सेकंड पीयूच्या मुलामुलींसमोर केलेलं भाषण. बोललं तसंच ठेवलंय.)

बसा, बसा. उभं राहून नमस्ते म्हणायची सवय शाळेत ठेवून या.

भाषणाच्या आधी एक खेळ घेऊ. शेजारच्याबरोबर जोडी करा. प्रत्येक जोडीत एकाच्या हातात मी रबरी चेंडू देतो. ज्याच्याकडं चेंडू आहे त्यानं मूठ घट्ट आवळायची. दुसऱ्यानं तीस सेकंदांत तो चेंडू मिळवायचा. कसा, ते तुमचं तुम्ही बघा. सुरू!

झालं, थांबा. सोड गा त्याचा हात, मोडशील. कुणाला लागलंय? मागच्या रांगेत एकाचं बोट मुरगळलेलं दिसतंय. इकडं एक बांगडी फुटली.

आता एकच प्रश्न. "चेंडू दे" म्हणून समोरच्याला किती जणांनी विचारलं? हात वर करा.

एकही नाही. ठीक आहे. चेंडू ज्याच्याकडं आहे त्याच्याकडंच राहू दे. याच्याकडं नंतर परत येऊ.

मी एका हायस्कुलात सव्वीस वर्षं पीटीचा मास्तर होतो. शिट्टी, कबड्डी, खो-खो, पंधरा ऑगस्टची कवायत, एवढंच माझं काम. शाळेतली मारामारी कशी थांबवायची यावर बोला, असं तुमच्या मंडळींनी सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं. कारण असं भाषण एकदा मीच माझ्या शाळेत ठरवलं होतं. त्याचं काय झालं ते सांगतो, मग माझं नाही का होतं ते कळेल.

त्या वर्षी जत्रेत पोरांची मोठी मारामारी झाली होती. शाळेत काहीतरी करायला पाहिजे असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मी दोन वक्ते आणले. एक पोलीस अधिकारी, दुसरा बरीच वर्षं तुरुंगात काढून आलेला माणूस. तो माणूस कोठडीबद्दल बोलला, तिथल्या जेवणाबद्दल बोलला, तो आत असताना त्याची आई गेली ते बोलला. हॉल एकदम शांत. मुली रडत होत्या, मुलगे खाली मान घालून होते. मला वाटलं, जमलं.

आभार मानायला दहावीतला एक मुलगा उठला. त्याचं नाव नको. कबड्डीतला माझा सगळ्यात चांगला चढाईपटू. "आजपासून आमच्यातला कोणीच हात उचलणार नाही," असं तो म्हणाला. टाळ्या पडल्या. शाल, नारळ, चहा झाला. पेपरात फोटो आला.

त्यानंतर बाराव्या दिवशी, मैदानावर, त्याच मुलानं आपल्या वर्गातल्या पोराच्या तोंडावर स्टंप मारला. त्या पोराचा डावा डोळा गेला.

कारण काय? चौदा सेकंदांचा व्हिडिओ. चढाई करताना हा पडला आणि चड्डी फाटली. त्या दुसऱ्यानं ते मोबाईलवर घेतलं, वर एक गाणं लावलं आणि स्टेटसला ठेवलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. घरात बहिणींनी बघितलं. दुसऱ्या दिवशी स्टंप.

ज्याचा डोळा गेला तो रोज पहाटे पाचला उठून रस्त्यानं पळायचा. आपल्याकडं हे वेगळं सांगायला नको. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, आपल्या गावांत घराआड एक माणूस फौजेत गेलेला असतो. त्याचे आजोबा फौजेत, काका फौजेत. एका डोळ्यानं भरती होत नाही. आणि ज्यानं मारलं तो पंधरा वर्षांचा. प्रकरण बाल न्याय मंडळापुढं गेलं. बापानं दोन म्हशी विकल्या. दोघंही एकाच गल्लीतले, दोघंही आपलेच.

मी बरेच दिवस एकाच गोष्टीचा विचार करत होतो. आभार मानताना तो पोरगा खोटं बोलला होता का? नाही. मी त्याला सहावीपासून ओळखत होतो. त्या दिवशी तो मनापासूनच बोलला होता. मग बारा दिवसांत ते कुठं गेलं?

माझी विद्यार्थिनी एक, मुंबईला समाजकार्य शिकायला गेलेली. तिला फोन केला. तिनं मला वाचायला कागद पाठवले. सगळं इंग्रजी. डिक्शनरी घेऊन बसलो आणि वाचलं. त्यातल्या तीन गोष्टी तुम्हाला सांगतो.

पहिली न्यू जर्सीची. अमेरिकेत तेव्हा राहवे नावाचं एक मोठं तुरुंग होतं. तिथं जन्मठेपेच्या कैद्यांनी १९७० नंतरच्या त्या दशकात एक कार्यक्रम सुरू केला. वाया चाललेल्या पोरांना तुरुंगात आणायचं आणि कैद्यांनी त्यांच्या तोंडावर ओरडून, शिव्या देऊन, आत काय काय होतं ते सांगून त्यांना घाबरवायचं. १९७८ मध्ये त्यावर माहितीपट निघाला, 'स्केअर्ड स्ट्रेट'. त्याला ऑस्कर मिळालं. लोक म्हणाले, हे बेस्ट आहे, आणि अनेक राज्यांनी त्याची नक्कल केली.

मग अभ्यासकांनी एक साधं काम केलं. अशा कार्यक्रमांची तपासणी चिठ्ठ्या टाकून झाली होती, म्हणजे काही मुलांना तुरुंगात नेलं, तशाच दुसऱ्या मुलांना नेलं नाही, आणि पुढं कोण गुन्ह्यात सापडतं ते बघितलं. त्या सगळ्या तपासण्या एकत्र करून २००० नंतर निष्कर्ष मांडला गेला. तुरुंगात नेलेल्या मुलांनी न नेलेल्या मुलांपेक्षा जास्त गुन्हे केले. म्हणजे काहीच केलं नसतं तरी बरं झालं असतं.

हे वाचून मला घाम फुटला. मी तरी दुसरं काय केलं होतं? कैद्याकडं पोरं नेण्याऐवजी कैदी शाळेत आणला, एवढाच फरक. असं का होतं यावर माझा अंदाज सांगतो, पटला तर घ्या. पंधरा वर्षांच्या पोराला भीती दाखवली की त्याला आपण भित्रा नाही हे दाखवावंसं वाटतं. आणि दुसरं, भीती हॉलमध्ये असते. मैदानावर राग येतो तेव्हा ती तिथं नसते.

दुसरी गोष्ट सॅन डिएगोची. २१ जानेवारी १९९५. तारिक खमिसा नावाचा वीस वर्षांचा कॉलेजचा विद्यार्थी पिझ्झा पोचवायचं काम करत होता. एका टोळीनं त्याला लुटायचं ठरवून पिझ्झा मागवला. तारिकनं पिझ्झा फुकट द्यायला नकार दिला आणि गाडीत बसला. टोळीतल्या अठरा वर्षांच्या म्होरक्यानं हुकूम सोडला आणि चौदा वर्षांच्या टोनी हिक्सनं गोळी झाडली. तारिक गेला. कॅलिफोर्नियात त्याच महिन्यापासून नवीन कायदा लागू झाला होता, चौदा वर्षांच्या मुलावरही मोठ्या माणसासारखा खटला चालवता येईल असा. त्या कायद्याखाली सापडलेला टोनी पहिला मुलगा. पंचवीस वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा झाली.

तारिकचे वडील अझीम खमिसा. ते केनियात जन्मलेले, बँकिंगच्या धंद्यातले. पोटचा पोरगा गेल्यावर माणूस काय करतो? त्यांनी त्याच वर्षी मुलाच्या नावानं एक संस्था काढली आणि टोनीला सांभाळणाऱ्या त्याच्या आजोबांना, प्लेस फेलिक्स यांना, भेटायला बोलावलं. तेव्हापासून मेलेल्याचा बाप आणि मारणाऱ्याचा आजोबा एकाच व्यासपीठावर बसून शाळेतल्या मुलांशी बोलत आलेत. बंदुकीच्या दोन्ही टोकांना बळीच होता, असं अझीम खमिसा सांगतात. पाच वर्षांनी ते तुरुंगात जाऊन टोनीला भेटले. २०१९ मध्ये टोनी सुटला, तेव्हा तो चाळिशीला टेकला होता.

मी आणलेल्या वक्त्यात आणि यांच्यात फरक काय? एक म्हणजे हे दोघं घाबरवत नाहीत. दुसरं म्हणजे बोलून झालं की ते नारळ घेऊन निघून जात नाहीत. त्यांची संस्था सॅन डिएगोच्या शाळांत मुलांबरोबर पुढंही काम करते. कुणाचं कुणाशी वाकडं आलंय, कोण शाळेला यायचा बंद झालाय, हे बघायला तिथं माणूस असतो. भाषण ही सुरुवात असते. आम्ही भाषणालाच काम समजून बसलो होतो.

आणि त्या गोष्टीतली आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. हुकूम अठरा वर्षांच्यानं दिला, गोळी चौदा वर्षांच्यानं झाडली. हे तुम्ही लक्षात ठेवा. आपल्याकडं पण असंच चालतं की. माझ्या मैदानावरही त्या सकाळी चारजण बाजूला उभे होते. "काय गा, एवढं केलं त्यानं आणि तू गप्प?" असं म्हणणारे. त्यातला एकही मंडळापुढं उभा राहिला नाही. एकाच्याही घरची म्हैस गेली नाही.

भाषेवरून सुद्धा हेच होतं. बस स्टँडवर कोण काहीतरी बोलतो, व्हिडिओ फिरतो, आणि कुणीतरी मोठा माणूस घरात बसून मेसेज टाकतो, "आता दाखवूनच द्या." दाखवायला जातो सोळा वर्षांचा. मराठी आपली आहे, तिच्यासाठी अर्ज करायचा, निवेदन द्यायचं, मोर्चात चालायचं, शाळा चालू ठेवायची, पुस्तकं वाचायची. हे करायला लई धीर लागतो आणि वर्षानुवर्षं लागतो. दुसऱ्याच्या पोराचं डोकं फोडून भाषेचं काय भलं झालेलं मी तरी बघितलं नाही. ते पोरगं कुठल्या भाषेत रडतं याला काही अर्थ नसतो.

तिसरी गोष्ट शिकागोची, आणि तुमच्या हातातल्या चेंडूची.

शिकागोत २००१ पासून शाळांमध्ये मुलग्यांसाठी एक कार्यक्रम चालतो, 'बिकमिंग अ मॅन'. माणूस होणं, असं म्हणा. आठवड्याला एक तास, शाळेच्याच वेळात. एका गटात जास्तीत जास्त पंधराजण, आणि वर्षभर तोच एक शिकवणारा. पोरं एक तास बुडवायला मिळतो म्हणूनही येतात, तरी चालतं. अगदी सुरुवातीला घेतला जाणारा त्यांचा खेळ म्हणजे आत्ता तुम्ही खेळलात तो. तिथंही तुमच्यासारखंच होतं. ढकलाढकली, हात पिरगळणं, जमिनीवर लोळणं. मग शिकवणारा विचारतो, चेंडू मागितला का नाहीस? पोरं म्हणतात, तो देणारच नव्हता, आणि मागितला असता तर मला लेचापेचा समजला असता. मग तो दुसऱ्याला विचारतो, यानं मागितला असता तर तू काय केलं असतंस? तो बहुतेक वेळा म्हणतो, दिला असता, साधा चेंडू तर आहे.

या कार्यक्रमाचीही तपासणी चिठ्ठ्या टाकूनच केली. एकदा २००९-१० मध्ये १८ शाळांत, नंतर २०१३ ते २०१५ मध्ये ९ शाळांत. दोन्ही मिळून चार हजारांवर मुलगे. कार्यक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांसाठी झालेल्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी झाल्या. शाळा पुरी करणाऱ्यांचं प्रमाणही वाढलं. पण एक खरं सांगायला पाहिजे. पहिल्या तपासणीत, कार्यक्रम संपल्यावर अटकांमधला हा फरक टिकला नाही. म्हणजे हे औषध एकदा घेऊन संपत नाही.

त्या मुलांना तिथं चांगलं-वाईट शिकवत नाहीत. ते त्यांना माहीत असतंच. तुम्हालाही माहीत आहे. त्यांना शिकवतात ते एवढंच, की हात उचलायच्या आधी क्षणभर थांब आणि बघ, तुला जे वाटतंय तेच खरं आहे का. आणि हे सांगून होत नाही म्हणून करून घेतात. परत परत.

हे वाचलं आणि मी कपाळाला हात लावला. अरे, मी पीटीचा मास्तर! कबड्डीतली पकड मी आयुष्यात कधी भाषण देऊन शिकवली नाही. शंभर वेळा करून घेतली, तेव्हा कुठं सामन्यात ती आपोआप आली. घोटा धरायचा का कंबर, हे सामन्यात विचार करून ठरत नाही, अंगात असावं लागतं. आणि राग आवरणं मात्र मी एका सकाळच्या भाषणात शिकवायला निघालो होतो.

आता दवाखान्यातलं सांगतो. हे मी फार लोकांना सांगितलेलं नाही.

ज्याचा डोळा गेला त्याला भेटायला मी बेळगावला गेलो. पट्टी बांधलेली. आई बाहेर बसलेली. मला काय बोलावं कळेना. तोच म्हणाला, "सर, तेनं एकदा काढ म्हणून सांगितलं असतं तर काढलं असतं की मी. मस्करी केलेली नुसती."

पुढच्या आठवड्यात त्या दुसऱ्याच्या घरी गेलो. त्याला म्हटलं, "विचारून बघितलंस का त्याला? काढ म्हणून?" तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "सगळे बघत होते सर. विचारलं असतं तर अजून हसले असते."

शिकागोतल्या पोरांनी चेंडूबद्दल दिलेली दोन उत्तरं ही हीच. ते कागद माझ्या हातात पडले तेव्हा या दोन भेटींना सात-आठ महिने झाले होते. वाचता वाचता मी थांबलो आणि अंगणात जाऊन बसलो.

मग शाळेत शनिवारी सकाळी एक तास मागून घेतला. पहिल्या वर्षी चौदा मुलगे. हेडमास्तर म्हणाले, पोर्शन राहील. मी म्हटलं, पीटीचा तास तर माझाच आहे, त्यातलाच घेतो. आम्ही फार काही करत नव्हतो. गोल करून बसायचं. या आठवड्यात राग कधी आला, अंगात कुठं जाणवला, कानात का छातीत, मग काय केलं, हे एकेकानं सांगायचं. कोणी हसला तर तो पुढच्या वेळी आधी सांगणार. मग भांडणाचा प्रसंग उभा करायचा आणि तो तीन वेगळ्या तऱ्हांनी करून बघायचा. "स्टेटस काढ" हे सगळ्यांसमोर न चिडता, न लाजता कसं म्हणायचं, याचा सराव आम्ही खरंच केला. पहिल्या दिवशी एकालाही नीट म्हणता येईना. आवाज तरी चढायचा नाहीतर पडायचा.

यात मी काही नवीन केलं नाही. मुंबईत महानगरपालिकेच्या शाळांत २००८ पासून सहावी-सातवीच्या मुलामुलींबरोबर मुलगा-मुलगी समानता आणि मारहाण यावर तासिका घेतल्या गेल्या. मुंबईतच 'परिवर्तन' नावाच्या प्रयोगात क्रिकेटच्या प्रशिक्षकांना तयार केलं, आणि त्यांनी सरावाच्या वेळीच मुलग्यांशी मुलींचा मान राखण्याबद्दल बोलायचं असं ठरवलं. मला हे फार पटलं. पोरं हेडमास्तरांचं ऐकत नाहीत एवढं खेळ शिकवणाऱ्याचं ऐकतात.

त्यानंतर भांडणं बंद झाली का? नाही. खोटं कशाला सांगू? पण एकदा मधल्या सुट्टीत नळावर दोघं भिडले. मी लांबून बघत होतो, शिट्टी तोंडात. एकानं हात वर नेला आणि तसाच ठेवला. मग म्हणाला, "थांब. तू मुद्दाम ढकललंस काय?" दुसरा म्हणाला, "न्हाय गा, मागनं ढकलालेत." झालं. दोघं पाणी प्यायले. माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत एवढा आनंद मला तालुक्याची ढाल आली तेव्हाही झाला नव्हता.

आता तुम्हाला सांगायचं ते थोडक्यात सांगतो.

कायदा माहीत असू दे. अठराच्या खाली असाल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जातं. पण सोळा पुरे झाले असतील आणि गुन्हा अतिगंभीर असेल, तर २०१५ च्या कायद्यानं मंडळ तुमची पडताळणी करून तुमच्यावर मोठ्या माणसासारखा खटला चालवायला पाठवू शकतं. सेकंड पीयूतले बरेचजण अठराचे झालेत, त्यांना तर मोठ्यांचाच कायदा. हे मी घाबरवायला सांगत नाही, घाबरवून काय होतं ते आत्ताच सांगितलं. माहिती म्हणून सांगतोय.

कोणी तुम्हाला त्रास देत असेल, घरात किंवा बाहेर, आणि सांगायला माणूस नसेल, तर १०९८ हा मुलांसाठीचा नंबर आहे. फुकट आहे. मुलगेही लावू शकतात, मुलग्यांना हे मुद्दाम सांगावं लागतं.

बाजूला उभे राहणारे चारजण तुम्ही असाल, तर तुमच्या हातात सगळ्यात जास्त आहे. "गप्प बसलास?" याऐवजी "चल, आपण त्याला विचारून येऊ" एवढं म्हटलं असतं तर एक डोळा वाचला असता.

आणि तुमच्या शाळेत कोणी भाषण द्यायला आला, माझ्यासारखा, तर टाळ्या वाजवा, पण नंतर सरांना विचारा, पुढच्या शनिवारी काय? वक्त्याला उत्तर द्यावं लागू दे. मलाही विचारा. मी पुढचे बारा शनिवार सकाळी साडेदहाला इथं येणार आहे, तुमच्या ग्रंथपालांशी बोलणं झालंय. जास्तीत जास्त पंधराजण. मुलींसाठी वेगळा गट माझी ती विद्यार्थिनी घेईल, ती आता गावी आलीय.

ते दोघं आज बोलतात का, असं मला नेहमी विचारतात. नाही बोलत. एक गॅरेजात आहे, एक बेळगावात दुकानावर आहे. गणपतीत एकाच मंडपात उभे असतात, दोन टोकांना. बोलावं असं मला वाटतं, पण ते माझ्या वाटण्यावर नाही.

चला. चेंडू सोळा आणले होते, सोळा परत पाहिजेत. ज्याच्याकडं नाही त्यानं शेजाऱ्याकडं मागून घ्या आणि मला आणून द्या.

बघा, दिले की.